उतरणीकडचा पाय

डॉक्टर गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेली मोहफुलं खालीवर करत बसले होते. फोन दवाखान्यातल्या शोभा सिस्टरचा. आधी ती नुसतीच रडली, मग म्हणाली, "बाई, आपले डॉक्टर नाई राह्यले वो..." अशा वेळी पायाखालची जमीन सरकली, डोळ्यांपुढे अंधारी आली असं लोक लिहितात. माझं तसलं काही झालं नाही. मी मान वळवली आणि ओसरीत पुस्तक घेऊन बसलेल्या माझ्या नातीच्या डाव्या पायाकडे पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा नंतर आठवला, रडू तर त्याहून नंतर आलं. माणूस गेल्याचं कळल्यावर कोणाचा पाय बघायचा असतो का? पण मी बघितला. उजव्याचं ऑपरेशन त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत केलं होतं आणि डावा उन्हाळ्याच्या सुट्टीत करू म्हणाले होते. उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली होती. डॉक्टर मात्र...

डॉ. भास्कर. आडनाव लिहीत नाही, कारण त्यांनी ते दवाखान्याच्या पाटीवरसुद्धा लिहिलं नव्हतं. "आडनाव वाचून लोक रांग बदलतात, बाई," एवढंच म्हणाले होते एकदा, तेही हसत. आम्ही दोघंही ज्या वस्त्यांतून आलो तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. आरमोरीकडच्या एका धानाच्या गावातून शिकून वर आलेला हा माणूस चंद्रपुरात हाडांचा डॉक्टर म्हणून बसला. खुर्चीत मात्र फारसा बसला नाही. लहान पोर आलं की फरशीवर मांडी घालायचा, त्याचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा आणि पाण्यातली वस्तू चाचपावी तसा हळूहळू चाचपायचा. शहरातले काही लोक त्यांना 'पाय चोळणारा डॉक्टर' म्हणत. इंजेक्शन देत नाही, चार गोळ्या लिहून देत नाही, नुसता पाय धरून बसतो, अशी तक्रार असायची. तीच माणसं आता हळहळताना ऐकली की माझ्या तोंडाला कडू चव येते.

माझी नात प्रज्ञा. तिचा बाप, माझा मुलगा, मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. लहानपणी त्याच्याबरोबर जायची तेव्हा गेटवर खाकी घातलेल्या वनरक्षक बाया तिनं पाहिल्या आणि तेव्हापासून तिला दुसरं काही व्हायचं नाही. आमच्याकडे आता गावोगावी पोरी पहाटे रस्त्यानं धावताना दिसतात. पोलीस भरती, वनखात्याची भरती, जी निघेल ती. आठवीत गेल्यावर प्रज्ञाही त्यांच्या मागे धावायला लागली. आणि तिचे पाय दुखायला लागले. घोट्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला. संध्याकाळी यायची ती भिंत धरून. भरतीची अकॅडमी चालवणारे एक तरुण सर आहेत गावात. त्यांनी पोरींना बादलीत पाय बुडवून ग्रामपंचायतीपुढच्या कोरड्या सिमेंटवर उभं केलं. बाकीच्या पोरींच्या पावलांना मधे कंबर होती. आमच्या पोरीचं पाऊल भाकरीसारखं सगळंच्या सगळं उमटलं. सर म्हणाले, "कमान नाई तुह्या पायाले. मेडिकलमध्ये बाद होशीन." मग कमान पाडायचा उद्योग सुरू झाला. तळव्याखाली बाटली फिरवायची, बोटांवर उभं राहायचं, आणि बुटात घालायला चंद्रपूरहून कडक प्लास्टिकचे उंचवटे आणले. ते घालून पोर धावायची, ओठ दाताखाली धरून. सरांचं मन वाईट नव्हतं. त्यांना पोरगी खरंच भरती व्हायला हवी होती.

आणि घरात मी! मी तिला माझी प्रसिद्ध गोष्ट सांगायची. या गोष्टीवर मी माझ्या नोकरीतली सगळी स्नेहसंमेलनं काढली आहेत. मी गावच्या शाळेत मास्तरीणबाई होते, आणि दर वर्षी पोरं म्हणायची, बाई, तुमचं लंगडणं करून दाखवा. गोष्ट अशी की, प्रज्ञाएवढी असताना मी पट्टीची कामचोर होते. दोन वेण्या, लाल रिबिनी, नाकावर सदा राग, आणि रोवणीचे, भातलावणीचे दिवस आले की पाय दुखायचे. आमची धानाची बांधी होती. डोक्यावर पऱ्ह्याचा, म्हणजे धानाच्या रोपांचा भारा घेऊन धुऱ्यावरून, बांधाच्या अरुंद वाटेनं जायचं, चिखलात उतरायचं, परत यायचं. मी धुऱ्यावर लंगडायची आणि चिखलात उतरले की खुशाल नाचायची. बाप पाहत होता. एके दिवशी त्यानं सगळ्या रोवणाऱ्या बायांपुढं मला पकडलं. "जातानी डाव्या पायानं लंगडते, येतानी उजव्या पायानं! अन् चिखलात गेली का दोन्ही पाय चांगले! काऊन वो, दुखणं कोणत्या पायात ठेवलं थे इसरून जाते का तू?" बाया हसून हसून चिखलात बसल्या. बाप म्हणाला, "हिले वडशाच्या नाटक कंपनीत घाला बापा, इथी काऊन ठेवली?" तेव्हापासून गावात माझं नाव नाटककंपनी. लग्न झालं तरी माहेरी तेच नाव. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा शेणानं सारवलेल्या सपाट अंगणात मी कशी ठुमकत चालले होते आणि पाहुणे गेल्यावर बापानं "आता कुठी गेलं दुखणं?" म्हणून कशी फिरकी घेतली, हेही त्या गोष्टीत शेवटी जोडायची. दोन्ही पायांनी आलटून पालटून लंगडून दाखवायची. हमखास टाळ्या.

तेव्हा प्रज्ञा पाय धरून बसली की मी म्हणायची, "हे खूळ माझ्याकडूनच आलं तुझ्यात. धाव, दुखणं पळून जाईल." तिनं माझ्याकडे एकदा असं पाहिलं... जाऊ द्या.

शेवटी तिच्या आईनंच हट्ट धरला आणि आम्ही चंद्रपूरला डॉ. भास्करांकडे गेलो. त्यांनी प्रज्ञाला आधी टाचा उचलून बोटांवर उभं केलं. मग स्वतः फरशीवर बसले आणि तिचा पाय मांडीवर ओढला. पोरगी शहारलीच. एवढा मोठा माणूस, डॉक्टर, आणि पाय त्याच्या मांडीवर! तिनं पाय मागे घेतला, मीही ओरडले, "प्रज्ञा, नमस्कार कर आधी." डॉक्टर म्हणाले, "नमस्कार राहू दे. पाय दे. तुले काय वाटते, मी हाडं डोळ्यानं पाह्यतो?" त्यांनी टाच मुठीत धरली आणि आतबाहेर हलवायचा प्रयत्न केला. टाच हलेना. नडगीच्या बाहेरच्या बाजूची शीर दोरीसारखी ताणून उभी राहिली आणि प्रज्ञा कळवळली. बुटातले ते प्लास्टिकचे उंचवटे काढून त्यांनी हातात घेतले, थोडा वेळ बघत बसले. "ज्या पायाची कमान मोकळी होऊन पडली, त्याले असा टेका लावता येते. हा पाय पडला नाई बाई, हा जाम झाला आहे. जाम झालेल्या दाराखाली पाचर ठोकल्यासारखं केलं तुम्ही."

ते गंभीर झाले होते आणि पोरगी घाबरलेली. मला गंभीर चेहरे सोसत नाहीत. म्हणून मी आपलं नेहमीचं काढलं. नाटककंपनीची गोष्ट. नुसती सांगितली नाही, त्या छोट्या खोलीत जाताना डाव्यानं, येताना उजव्यानं लंगडूनही दाखवलं. शोभा सिस्टर तोंडाला पदर लावून हसली. सूनही हसली. डॉक्टर हसले नाहीत. फरशीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "बाई, धुऱ्याची उतरण कोणत्या अंगाला होती?"

मी म्हटलं, "आता काय आठवते? बोडीकडे असेल. गावाचं तळंच होतं ना तिकडे."

"जातानी बोडी कोणत्या हाताले?"

मी डोळे मिटून धुऱ्यावर उभी राहिले. "डाव्या."

"आन् येतानी उजव्या." ते म्हणाले. "म्हणजे दरवेळी उतरणीकडचा पाय दुखे. उतरणीवर पायाले तिरपं व्हावं लागते, बाई. तुमचा होतच नसेल. चिखलात त्याले काही करावं लागत नाई, चिखलच पायासारखा होते. धुरा नाई होत. द्या पाय."

मी काय बोलले आठवत नाही. एवढं आठवतं की माझी भेगाळलेली टाच त्या माणसाच्या हातात होती आणि तीही हलत नव्हती. दुसरीही नाही. ते म्हणाले, "तुम्ही खोटं बोलत नव्हत्या, बाई. तुमचे दोन्ही पाय दुखत होते." मी पाय ओढून घेतला आणि चप्पल शोधायला लागले.

त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. बाप कधीचाच गेला. त्या चिखलात हसणाऱ्या बायांतली बहुतेक कोणी उरली नाही. कोणाला सांगायचं? लाल रिबिनीवाली ती पोर खरोखर लंगडत होती, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वर्षं हसलं कोण? मीच. बापानं तर एका पावसाळ्यात हसून सोडून दिलं असतं. मी मोठी होऊन, मास्तरीण होऊन, स्टेजवर चढून तिची नक्कल केली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांचे उपकार मानावेत की त्यांना शिव्या द्याव्यात, हे मला आजही ठरवता येत नाही. म्हातारपणी माणसाजवळ हसण्याच्या गोष्टी तरी किती उरतात? त्यातली एक त्यांनी काढून घेतली. ती गोष्ट मी पुन्हा कोणाला सांगितली नाही. आज लिहिते आहे तेवढीच.

दुखणं काय ते त्यांनी प्रज्ञालाच समजावलं, आम्हाला नाही. तिला आमच्याकडचे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, फार आवडतात, तेवढं विचारून घेतलं आधी. मग म्हणाले, "तुह्या पावलात मागच्या अंगाले दोन हाडं हाये, थे येगळी पाह्यजे होती. जन्मापासूनच जुळून राह्यली. लहानपणी तो जोड वास्त्यासारखा होता, वाके. आता तुह्या वयात त्याचा बांबू होऊन राह्यला. म्हणून आताच दुखते. कोणाची चूक नाई." पोरगी म्हणाली, "घरात असते का हे? आजीपासून?" ते म्हणाले, "असू शकते. आजीचं दुखणं कोणी पाह्यलं नाई, तुहं आपण पाहू."

त्यांनी घाई केली नाही. आधी धावणं बंद, मग गुडघ्याखाली प्लास्टर. प्लास्टर काढलं तेव्हा शीर सैल पडली होती, दुखणं गेलं होतं. आम्ही घरी खीर केली. पण शाळेचे दिवस सुरू झाले, चालणं वाढलं, आणि दुखणं परत आलं. मग सीटी स्कॅन झाला आणि ऑपरेशनचं ठरलं. मधला हाडाचा पूल कापायचा, आणि तो परत जुळू नये म्हणून त्या जागी तिच्याच अंगातल्या चरबीचा तुकडा ठेवायचा. प्रज्ञानं विचारलं, "डॉक्टर, मी धावीन ना?" मला वाटलं हो म्हणतील. आपण सगळे म्हणतो. ते म्हणाले, "थे मले आज माहीत नाई. दुखणं कमी होईन हे नक्की सांगतो. मोठी झाल्यावर सांधा झिजला तर मग हे ऑपरेशन कामाचं राहत नाई, हाडं जोडून टाका लागते. म्हणून आता करू. आधी एक पाय. तो काय म्हणते थे आयकू, मग दुसरा."

यातलंच 'मग दुसरा' हे माझ्या मनात आता काट्यासारखं सलतं. दोन्ही एकदम का नाही केले, असं मी आता भिंतीला विचारते. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं, आणि होतंही. दोन्ही पाय बांधून पोरगी महिनाभर खाटेवर पडली असती.

माझी गोष्ट ऐकल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी एक काम केलं. दवाखान्याच्या मागच्या आवारात मुरूम आणून एक धुरा घालायला लावला. तोही कसा, तर एका अंगाला उतरता, आठदहा पावलं लांब. एका माणसाला लावून धुमसानं ठोकून घट्ट केला. पायाचं दुखणं घेऊन आलेलं प्रत्येक पोर त्यावरून चालवायचे. स्वतः मागच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, पुढे वाकून, कोपरं गुडघ्यावर. पोर टोकाला पोचलं की ओरडायचे, "जाणं झालं. आता परत ये." सगळ्यांना सांगायचे, हा बाईंचा धुरा. मला लाज वाटायची. म्हटलं, "माझ्या नावाचं कुठे काही नाही, हाच एक स्मारकस्तंभ उभारला का तुम्ही?" तर म्हणाले, "स्तंभ पडते बाई, धुरा आडवाच असते." ऑपरेशननंतर काही महिन्यांनी प्रज्ञा त्यावरून पहिल्यांदा चालली तेव्हा जाताना, उजवा पाय उतरणीला असताना, तिचं पाऊल मुरमाला चिकटून तिरपं झालं. मी पाहिलं ते. परत येताना ती डाव्या पायानं लंगडली, आणि डॉक्टर टाळी वाजवून म्हणाले, "आता तुह्या आजीच्या बापानं पाह्यलं असतं तर म्हटलं असतं, जातानी चांगली, येतानीच काऊन नाटक करते!" त्या दिवशी मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

...ते गेले ते कसे, हे शोभा सिस्टरनं सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. सकाळपासून छाती भरल्यासारखी वाटत होती. "गॅस झाला," म्हणाले. ओवा चावला, काळं मीठ चाटलं. सिस्टर म्हणाली, सर, ईसीजी काढू. "पेशंट बसले आहेत ना बाहेर? त्यांचं दुखणं पाहू दे आधी." दुपारपर्यंत सगळी ओपीडी काढली. शेवटचं पोर गेल्यावर फरशीवरून उठताना हात टेकला, आणि उठलेच नाहीत. आमच्या घरी आले असते आणि असं बोलले असते तर मी कान धरून मोठ्या दवाखान्यात नेलं असतं. माझं, माझ्या नातीचं, कुठकुठल्या खेड्यातल्या पोरांचं दुखणं ज्यानं खरं मानलं, त्यानं स्वतःच्या छातीला नाटककंपनी ठरवलं! वाचणाऱ्यांना वाटेल म्हातारी गेलेल्या माणसावर रागावते. हो, रागावते. आम्हाला म्हणायचे, "एवढे दिवस काय करून राह्यल्या होत्या?" मी कोणाला विचारू?

शोकसभा झाली. मोठमोठी माणसं बोलली. समाजाचं भूषण म्हणाले, दीपस्तंभ म्हणाले. त्यांतल्या एकानंही कधी त्यांच्यासमोर फरशीवर बसून पाय दिला नसावा. मी मागच्या रांगेत होते, मला कोणी बोलायला सांगितलं नाही, ते बरंच झालं.

मग आम्ही प्रज्ञाला घेऊन नागपूरला गेलो. तिथला डॉक्टर तरुण, हुशार, घाईत. त्यानं पडद्यावर सीटी स्कॅन पाहिला, उजव्या पायाचं काम नीट झाल्याचं म्हणाला, आणि डाव्यासाठी बुटात घालायचे टेके लिहून दिले. "सध्या हे वापरा, मग बघू." पोरीचा पाय टेबलाखाली होता, तो त्यानं पाहिलाही नव्हता. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे सांगत होते, आजी, काही बोलू नकोस. मी बोलले नाहीच. मी चप्पल काढली, खुर्ची पुढे ओढली आणि माझा पाय उचलून सरळ त्या पोराच्या मांडीवर ठेवला. त्याच्या इस्त्रीच्या पँटवर. तो एवढा दचकला की खुर्चीची चाकं मागे गेली.

"आजी, हे काय करताय?"

"टाच हलवून पाहा, बेटा."

"पेशंट तुम्ही आहात का?"

"पोरगी होते तेव्हा होते. तेव्हा कोणी पाहिला नाही. तू पाहा. नंतर तिचा पाहा. मग लिहायचं ते लिही."

सून मान खाली घालून मरणाची लाजत होती. पण पोरगा खानदानी निघाला. माझा पाय ढकलला नाही. टाच धरली, हलवून बघितली, मग खाली वाकला आणि प्रज्ञाचा डावा पाय हातात घेतला. बराच वेळ घेतला. लिहिलेला कागद त्यानं फाडला. ऑपरेशन करू म्हणाला, पण पावसाळ्याआधी जागा नाही, आणि स्कॅनमध्ये शेजारच्या सांध्यावरही थोडा ताण दिसतो आहे. उजव्याइतकं चांगलं होईलच असं सांगता येणार नाही. "थोडं आधी आला असतात तर..." म्हणाला. मी म्हटलं, "आलोच होतो."

गेल्या आठवड्यात शोभा सिस्टरचा फोन आला. जागा दुसऱ्यांनी घेतली आहे, मागच्या आवारात गाड्या लावायला सिमेंटचे गट्टू बसवणार आहेत; तुमचा धुरा पाहायचा असेल तर येऊन जा. आम्ही दोघी गेलो. मुरमावर वाळकी पानं साचली होती. व्हरांड्यातली खुर्ची तिथेच होती, तिच्यावर पत्र्याचे दोन डबे ठेवलेले. प्रज्ञानं न सांगता चपला काढल्या आणि धुऱ्यावर चढली. जाताना उजवा पाय उतरणीला. सरळ गेली, छान गेली, वनरक्षक जाईल तशी. टोकाला पोचली आणि थांबली. तशीच उभी राहिली, पाठमोरी. आधी मला कळलं नाही ती का थांबली. मग कळलं... सवयीनं थांबली होती. कोणीतरी ओरडायचं राहिलं होतं.

मी डबे खाली ठेवले. खुर्चीवर बसले, पुढे वाकले, कोपरं गुडघ्यावर टेकवली. खाकरले.

"जाणं झालं," मी म्हटलं, "आता परत ये."

ती वळली आणि चालायला लागली. मी तिच्या डाव्या पायाकडे पाहत होते.